औरंगपुऱ्यातला अर्धा ‘र’ आणि पडद्यावरचा आलेख

जून महिना लागला की औरंगपुऱ्यात वह्या-पुस्तकांच्या दुकानांपुढे पाय ठेवायला जागा नसते. पालकांच्या हातात शाळेची यादी, मुलांची नजर कंपासपेटीवर, आणि दुकानदार एकाच वेळी चार गिऱ्हाइकांशी बोलत असतो. यादीच्या अगदी शेवटी ‘आलेख कागद, डझनभर’ अशी एक नोंद असते. ती बहुतेक वेळा विसरली जाते आणि मग नेमक्या आलेखाच्या तासाला निम्मा वर्ग शेजाऱ्याच्या कागदाकडे बघत बसतो.

मी नववीला गणित शिकवत असताना या कागदांचा एक ठरलेला उपयोग होता. पैठणच्या जायकवाडी धरणात किती पाणी आहे याचा आकडा वर्तमानपत्रांत नेमाने येतो. शहराच्या पिण्याच्या पाण्याची भिस्त त्याच धरणावर, त्यामुळे तो घरोघरी वाचलाही जातो. मुले आकडा उतरवून आणीत, दर सोमवारी आलेखावर एक बिंदू वाढे, आणि वर्षअखेरीस भिंतीवर पाण्याची चढउतार दाखवणारी लांबलचक रेषा तयार होई. तिला मथळा मुलांनीच दिला होता : ‘औरंगपुऱ्याचे पाणी’.

२००३ साली एका मुलीने विचारले, “सर, हाच आलेख संगणकावर का नाही काढायचा? आकडा बदलला की रेषा आपली आपण बदलेल.” प्रश्न सरळ होता. शाळेत नुकतेच चार संगणक आले होते आणि त्यांतल्या एकाला इंटरनेटची जोडणीही होती. मी हो म्हणून बसलो.

पहिला प्रयत्न असा झाला. गल्लीतल्या एका डीटीपीच्या दुकानात आलेख काढून घेतला. त्यांच्या पडद्यावर तो देखणा दिसत होता. शाळेत येऊन उघडला तर रेषा जागच्या जागी, आणि ‘औरंगपुऱ्याचे पाणी’ या मथळ्याच्या जागी रोमन अक्षरे, डॉलरची खूण आणि स्वरांवरच्या फ्रेंच टोप्या यांचा चिवडा. दुकानातला मराठी फाँट आमच्या संगणकावर नव्हता, एवढाच तो अपराध. मग दुकानदाराने साऱ्याचेच एक चित्र करून दिले. अक्षरे सुधारली, पण आता ते नुसते छायाचित्रासारखे चित्र होते. सोमवारी नवा आकडा आला तरी रेषा हलेना. मोठे करून पाहिले तर तिला जिन्यासारख्या पायऱ्या पडत. तिसऱ्या वेळी एका मित्राच्या नव्या संगणकावर मथळा आम्ही स्वतःच टंकलिखित केला. अक्षरे मराठी आली, फक्त ‘ऱ्या’ च्या जागी रफार आला आणि गावाचे नाव ‘औरंगपुर्याचे’ झाले. वर्गात जो हशा पिकला तो अजून आठवतो.

त्या तीन फजित्यांची कारणे शोधताना कळले की पडद्यावरच्या मराठी आलेखामागे दोन इतिहास आहेत, एक रेषांचा आणि दुसरा अक्षरांचा. दोन्हींचे बरेचसे धागे आपल्या मुंबईतच सापडतात.

विणलेले चित्र आणि सांगितलेले चित्र

या शहरात हिमरू विणला जातो. सुती ताणा, रेशमी बाणा, आणि त्यावर वेलबुट्टी. कोयरीची गोलाई डोळ्यांना गोल दिसते, पण कापड भिंगाखाली धरा : ती लहान लहान पायऱ्यांची बनलेली असते, कारण धागे आडवे आणि उभेच जातात. प्रत्येक छेदावर एकच प्रश्न असतो, रंग वर की खाली. छेद किती ते एकदा ठरले की चित्राची सूक्ष्मताही ठरली. कोयरी दुप्पट मोठी केली तर पायऱ्याही दुप्पट मोठ्या होतात.

आता दारापुढची रांगोळी पाहा. आजी नातीला सांगते ते असे : सात ठिपके सात ओळी, मधल्या ठिपक्यापासून वरच्या कोपऱ्यातल्या ठिपक्यापर्यंत रेघ, तेथून वळसा घालून खाली. येथे चित्र कोठेही साठवलेले नाही, साठवल्या आहेत त्या सूचना. त्याच सूचनांनी तळहाताएवढी रांगोळी निघते आणि अंगणभरही निघते, आणि मोठ्या रांगोळीला पायऱ्या पडत नाहीत.

संगणकात चित्र ठेवण्याच्या रीतीही याच दोन आहेत. छायाचित्र हिमरूसारखे, छेदाछेदाने. आलेख, नकाशा, यंत्राचा आराखडा यांना रांगोळीची रीत सोयीची. या दुसऱ्या प्रकाराला व्हेक्टर चित्र म्हणतात. अकरावीच्या पदार्थविज्ञानातला ‘सदिश’ तो हाच शब्द : येथून तेथपर्यंत, या दिशेने, इतके अंतर. आमच्या पहिल्या फजितीतला आलेख व्हेक्टर होता, दुसऱ्यातला विणलेला.

मद्रास ख्रिश्चन कॉलेजमधील गिफ्ट सिरोमनी, राणी सिरोमनी आणि कमला कृतिवासन यांनी १९७०च्या दशकात तमिळ कोलमची रचना व्याकरणाच्या नियमांनी कशी मांडता येते यावर शोधनिबंध लिहिले. रांगोळीचे उदाहरण केवळ सोय म्हणून दिलेले नाही, हे सांगण्यासाठी एवढा उल्लेख पुरे.

मुंबईतला पहिला पडदा

टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण अभियंत्यांचा एक गट १९५०च्या दशकाच्या मध्याला संगणक बांधायला लागला. त्यांतील बहुतेकांनी स्वतः संगणक पाहिलेलाही नव्हता. १९५६ साली लहान प्रायोगिक यंत्र चालू झाले, १९६० साली पूर्ण आकाराचे. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक होते. स्मृती होती २,०४८ शब्दांची. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे नाव ‘टिफ्रॅक’ ठेवले.

टिफ्रॅकची ही माहिती अनेक पुस्तकांत मिळते. तिच्या शेजारी एक बाब मात्र सहसा एका ओळीत उरकली जाते, आणि ती मला फार मोलाची वाटते. उत्तरे नेहमीप्रमाणे टंकयंत्रावर छापून येत, पण त्याखेरीज या संगणकाला कॅथोड किरण नळीचा एक पडदाही जोडला होता, आणि त्यावर अक्षरे व आलेख दाखवण्याची सोय होती. आकड्यांच्या रकान्यांत न दिसणारा कल रेषेत चटकन दिसतो, हे विल्यम प्लेफेअर याने १७८६ साली लंडनमध्ये इंग्लंडच्या व्यापाराचे आलेख छापून दाखवले होते. मुंबईत पाहिले मोठे गणकयंत्र बांधणाऱ्यांनाही ती सोय पहिल्यापासून हवीशी वाटली.

नरसिंहन पुढे १९६०च्या दशकाच्या आरंभी काही वर्षे अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात होते. तेथे त्यांच्यापुढे बुडबुडा-कक्षातील कणांच्या मार्गांची छायाचित्रे होती. ती संगणकाला ‘वाचता’ कशी येतील? त्यांचे म्हणणे असे की चित्राचे नुसते वर्गीकरण करून भागत नाही, त्याचे वर्णन करता आले पाहिजे : हे तुकडे, ते एकमेकांना असे जोडलेले. वाक्याला व्याकरण असते तसे चित्राला. हा विचार रांगोळी सांगणाऱ्या आजीच्या फार जवळचा आहे.

त्याच सुमारास, १९६३ साली, एमआयटीत आयव्हन सदरलँड याने ‘स्केचपॅड’ नावाची आज्ञावली लिहिली. पडद्यावर प्रकाशलेखणीने रेघ ओढायची, संगणक तिची दोन टोके लक्षात ठेवणार, आणि ‘या दोन रेघा समांतर ठेव’ असे सांगितले तर ठेवणार. आज भूमितीच्या तासाला वापरल्या जाणाऱ्या सगळ्या आज्ञावल्यांचे मूळ तेथे आहे.

वळण कसे सांगावे

सरळ रेघेला दोन टोके पुरतात. वळणाचे काय? वर्तुळाचा तुकडा असेल तर केंद्र आणि त्रिज्या. पण मोटारीच्या पत्र्याचे वळण किंवा ‘अ’ या अक्षराचे पोट हे वर्तुळाचे तुकडे नव्हेत. हा प्रश्न दोन फ्रेंच मोटार कारखान्यांत सुटला. सित्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्जो याने १९५९ साली रीत शोधली, पण कंपनीने ती गुपित ठेवली. रेनोमध्ये पिएर बेझिए याने तेच वळण स्वतंत्रपणे शोधले आणि प्रसिद्ध केले, म्हणून वळणाला नाव बेझिएचे पडले. कास्तेल्जोचे नाव निदान ती काढण्याच्या कृतीला मिळाले.

ती कृती नववीच्या मुलांना सहज जमते, म्हणून येथे सविस्तर देतो. आलेख कागदावर चार बिंदू घ्या : (०, ०), (०, ८), (८, ८), (८, ०). ते क्रमाने जोडले की वर झाकण असलेली एक चौकट होते. तिन्ही रेघांचे मध्यबिंदू काढा : (०, ४), (४, ८), (८, ४). हे जोडा, पुन्हा मध्यबिंदू काढा : (२, ६) आणि (६, ६). तेही जोडून मध्यबिंदू काढला की येतो (४, ६). हा वळणाचा नेमका माथा. आता मध्यबिंदूऐवजी प्रत्येक रेघेचा पाव भाग घेऊन तेच करा, मग पाऊण भाग घेऊन. असे दहा बिंदू मिळाले की हाताने जोडा. एक गुळगुळीत कमान उमटते. पहिल्या आणि शेवटच्या बिंदूतून ती जाते, मधले दोन बिंदू तिला नुसते आपल्याकडे ओढतात. मुलांना हे ओढणे फार आवडते. मधला एक बिंदू सरकवा आणि सारी आकडेमोड पुन्हा करा असे सांगितले की कुरकूर होते, आणि संगणक कशासाठी हे न सांगता कळते.

मधले बिंदू दोनाऐवजी एकच घेतला तरी वळण निघते, जरा साधे. हे दोन्ही प्रकार पुढे लागणार आहेत.

अक्षरांचा इतिहास

छापखान्यातले अक्षर शिशाचे असे. संगणकात ते आले तेव्हा आरंभी हिमरूसारखे विणून आले, ठिपक्याठिपक्यांनी. रोमन लिपीला हे थोडेफार चालून गेले. देवनागरीत जोडाक्षरे, वरखाली लागणाऱ्या मात्रा आणि ‘ळ’ सारखी गोलाईची अक्षरे. आठ-दहा ठिपक्यांच्या उंचीत ‘द्ध’ आणि ‘द्व’ वेगळे दाखवून पाहा!

वळणांनी अक्षर सांगण्याची रीत १९७०च्या दशकाच्या अखेरीस डोनाल्ड नूथ याने स्टॅनफर्डमध्ये ‘मेटाफाँट’ या नावाने मांडली. टाटा संस्थेत तोवर संगणकतंत्राचे एक स्वतंत्र राष्ट्रीय केंद्र उभे राहिले होते. तेथील पी. के. घोष यांचा भारतीय लिप्यांची अक्षरे आणि मजकुराची जुळणी संगणकावर कशी करावी यावरचा अहवाल स्टॅनफर्डने १९८३ साली प्रसिद्ध केला. हेच केंद्र १९८५ साली वेगळे होऊन जुहूला ‘नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी’ झाले आणि २००३ साली सी-डॅकमध्ये विलीन झाले. टिफ्रॅक ज्या संस्थेने बांधला तिचीच ही शाखा.

याच जुहूच्या संस्थेत १९९०च्या दशकात एक वेगळाच माणूस रमला होता. रघुनाथ कृष्ण जोशी, मित्रांचे आर. के. (१९३६–२००८). जे. जे.तून उपयोजित कला शिकलेले, अनेक वर्षे उल्का या जाहिरात संस्थेत कलादिग्दर्शक, पुढे आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात शिक्षक, शिवाय कवी. बोरूची धार आणि तिचा कोन यांतून अक्षराला जाड-बारीक अंग कसे येते हे त्यांच्या बोटांना माहीत होते. एस. पी. मुदूर आणि इतर सहकाऱ्यांबरोबर ते अक्षररेखनाची आज्ञावली घडवण्यातही होते. विंडोज २००० बरोबर जगभर गेलेला ‘मंगल’ हा देवनागरी फाँट जोशींनी रेखलेला आहे. त्यातील प्रत्येक अक्षर म्हणजे वर सांगितलेली, मधला एकच बिंदू असणारी वळणे. कोट्यवधी लोकांनी पडद्यावर पहिल्यांदा मराठी वाचली ती बहुधा याच अक्षरांत, आणि त्यांतल्या फार थोड्यांना ती रेखणाऱ्याचे नाव ठाऊक असेल.

पण नुसती सुबक अक्षरे असून देवनागरी लिहिता येत नाही. आमची तिसरी फजिती येथे समजते. संगणक मजकूर साठवतो तो उच्चाराच्या क्रमाने. ‘जिवंत’ मध्ये आधी ज, मग ऱ्हस्व इकार. काढताना मात्र इकार आधी काढायचा. ‘वर्षे’ मध्ये र, हलन्त, ष, मात्रा असा क्रम. पडद्यावर त्या ‘र’ ने उडी मारून ‘ष’ च्या डोक्यावर रफार होऊन बसायचे. साठवणे आणि काढणे यांच्यामध्ये हे सारे उलगडणारा एक दुभाषा लागतो. मुदूर, जोशी आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली भारतीय मजकुराच्या या आकारणीवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. विंडोजमध्ये देवनागरीसाठी असा दुभाषा आला तो २००० सालीच.

आता औरंगपुऱ्याचा ‘र’. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या. ‘आचार्यांना’ नमस्कार करायचा आणि ‘आचाऱ्यांना’ पानांची संख्या सांगायची. हा फरक मराठीत आहे, हिंदीत नाही. र + हलन्त + य असे साठवले की दुभाषा रफारच काढणार. त्याचे चुकले असे म्हणता येत नाही. अर्धा ‘र’ हवा हे त्याला वेगळे सांगायला हवे. युनिकोडच्या १९९६ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत त्यासाठी हलन्तापुढे एक अदृश्य जोडखूण घालण्याची तोड होती. नंतर १९९१ सालच्या भारतीय मानकाला, म्हणजे इस्कीला, धरून सोपी रीतही मान्य झाली : खाली टिंब असलेला ‘ऱ’, मग हलन्त, मग ‘य’. इनस्क्रिप्ट कळफलकावर ‘र’ च्याच कळीवर, शिफ्ट दाबून, हा ‘ऱ’ मिळतो. आम्हाला ते ठाऊक नव्हते, म्हणून गावाचे नाव बिघडले. शिक्षकांच्या प्रशिक्षणात ही एक कळ दाखवायला दोन मिनिटेही लागत नाहीत. ती दाखवलेली मी अजून पाहिलेली नाही.

ब्राउझर चित्र काढायला शिकतो

अक्षरांचा प्रश्न असा मार्गी लागत असताना रेषांचा प्रश्न महाजालावर अडकून पडला होता. १९९३ साली ‘मोझेक’ या ब्राउझरने मजकुराशेजारी चित्र दाखवायला सुरुवात केली, पण ते विणलेले चित्र. त्याच्या आत काय आहे हे पानाला माहीत नसे. १९९५च्या मे महिन्यात नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक याने दहा दिवसांत एक छोटी आज्ञाभाषा लिहिली. तिचे नाव पुढे जावास्क्रिप्ट ठेवले गेले. (त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले.) तिच्यामुळे पान वाचकाच्या संगणकावर स्वतः काही हिशेब करू लागले. हिशेब करता येत होता, रेघ ओढता येत नव्हती.

१९९८ साली दोन तट पडले. अ‍ॅडोबी, आयबीएम, नेटस्केप आणि सन यांनी व्हेक्टर चित्रांसाठी एक भाषा सुचवली, मायक्रोसॉफ्ट आणि तिच्या सोबत्यांनी दुसरी. महाजालाची मानके ठरवणाऱ्या मंडळाने दोन्ही बाजूला ठेवून तिसरी घडवली, ती एसव्हीजी. तिची पहिली आवृत्ती सप्टेंबर २००१ मध्ये मान्य झाली. म्हणजे आमच्या प्रश्नाचे उत्तर २००३ साली कागदावर तयार होते. पण फायरफॉक्सने ती भाषा २००५च्या अखेरीस उचलली, आणि बहुतेक शाळांत जो ब्राउझर असे त्या इंटरनेट एक्स्प्लोररने तर २०११ साली, नवव्या आवृत्तीत. त्यातही ही आवृत्ती विंडोज एक्सपीवर चालत नसे, आणि शाळांत एक्सपीच असे. मानक मान्य होणे आणि ते वर्गातल्या संगणकापर्यंत पोहोचणे यांत दहा वर्षे गेली.

ही दरी भरून काढली ती एकेकट्या माणसांनी. २००८ साली दिमित्री बारानोव्स्की याने ‘राफाएल’ हे जावास्क्रिप्टचे साधन मोफत खुले केले. त्याला रेघ सांगायची. ब्राउझर नवा असेल तर ते एसव्हीजीत काढी, जुना एक्स्प्लोरर असेल तर मायक्रोसॉफ्टच्या त्या १९९८ सालच्या भाषेत. दुभाष्याचे काम येथेही होतेच. २००९ साली स्टॅनफर्डमध्ये माइक बोस्टॉक आणि जेफ्री हीअर यांनी ‘प्रोटोव्हिस’ केले, आणि २०११ साली बोस्टॉक, वादिम ओगिएवेत्स्की व हीअर यांचे ‘डी-थ्री’ आले.

डी-थ्रीची मूळ कल्पना शिक्षकाला हजेरीपटावरून लगेच कळते. एका बाजूला आकड्यांची यादी, दुसऱ्या बाजूला पडद्यावरच्या आकृत्या, आणि प्रत्येक आकड्याची एका आकृतीशी गाठ. नवा आकडा आला तर नवे नाव दाखल करा, म्हणजे नवी आकृती काढा. असलेला आकडा बदलला तर तिची उंची बदला. आकडा गेला तर आकृतीला शाळा सोडल्याचा दाखला द्या. आज्ञावलीकाराने सांगायचे ते एवढ्या तीन प्रसंगी काय करायचे. “आकडा बदलला की रेषा आपली आपण बदलेल,” या वाक्याचे हे नेमके रूप होय.

उलटा अक्ष आणि शून्याची जागा

निवृत्तीनंतर काही वर्षांनी जुन्या शाळेने बोलावले तेव्हा राहिलेले काम पुरे केले. कोणतेही मोठे साधन न घेता, साध्या मजकूर-फाइलीत एसव्हीजी लिहून. त्या भाषेत रेघेच्या आज्ञा एकाक्षरी आहेत : एम म्हणजे लेखणी उचलून तेथे ने, एल म्हणजे तेथपर्यंत सरळ रेघ ओढ, क्यू म्हणजे मधला एक बिंदू असलेले वळण, सी म्हणजे दोन असलेले. पाठोपाठ निर्देशक लिहायचे. आमच्या आलेखाला एम आणि एल पुरले.

पहिल्याच दिवशी मुलांची रेषा उलटी आली. धरण भरत होते तेव्हा रेषा खाली जात होती. कारण असे की पडद्यावर आरंभबिंदू डाव्या वरच्या कोपऱ्यात असतो आणि ‘य’ खाली वाढतो. दूरचित्रवाणीच्या नळीत किरण वरून खाली, ओळीओळीने फिरत असे, संगणकाच्या पडद्यानेही तोच क्रम घेतला आणि निर्देशकही तसेच मोजले गेले. भूमितीच्या पुस्तकातला अक्ष आणि पडद्यावरचा अक्ष परस्परविरुद्ध आहेत, हे कोणत्याही संगणकाच्या क्रमिक पुस्तकात ठळकपणे लिहावे असे मला वाटते. तोड सोपी आहे. जायकवाडीचा आराखड्यानुसार एकूण साठा २,९०९ दशलक्ष घनमीटर. दर १० दशलक्ष घनमीटरला एक एकक धरले आणि तळाची रेघ ३०० वर ठेवली, तर

य = ३०० − (साठा ÷ १०)

भरलेल्या धरणाला य येतो ९.१, रिकाम्याला ३००. नववीच्या मुलाने हे सूत्र स्वतः काढले की रेषीय समीकरण त्याच्या अंगवळणी पडते.

त्याहून अवघड प्रश्न त्याच मुलांनी काढला. वर्तमानपत्रात येते ती टक्केवारी जिवंत साठ्याची असते, २,१७१ दशलक्ष घनमीटरवर काढलेली. उरलेला ७३८ हा मृतसाठा, कालव्याच्या दारांखालचा. २०१६च्या उन्हाळ्यात जिवंत साठा संपला, बातमीत शून्य टक्के आले, उणे आकडेही आले, आणि तरीही शहराला पिण्याचे पाणी त्याच धरणातून, मृतसाठ्यातून मिळत होते. मग आलेखाचा तळ कोठे धरायचा? जिवंत साठ्याच्या शून्यावर धरला तर धरण कोरडे दिसते. धरणाच्या तळावर धरला तर त्याच दिवशी ते पाव भागाहून थोडे जास्त भरलेले दिसते. शेतकऱ्याच्या दृष्टीने पहिले चित्र खरे, कारण कालव्याला पाणी नाही. औरंगपुऱ्यातल्या नळाच्या दृष्टीने दुसरे. आणि गाळ साचून आराखड्यातले हे आकडे आज कितपत उरले आहेत, हा प्रश्न दोन्ही चित्रांच्या बाहेरच राहतो.

वर्गात त्यावर दोन तास वाद झाला. पैठण तालुक्यातून आलेला एक मुलगा पहिल्या तळाच्या बाजूने हट्टाने बोलत होता. त्याच्या घरची मोसंबीची बाग त्या उन्हाळ्यात वाळली होती. अखेर मुलांनी तळ धरणाच्या तळावर ठेवला आणि य = २२६.२ वर, आलेखाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक लाल आडवी रेघ ओढली. तिच्यावर ‘येथून खाली कालव्याला पाणी नाही’ असे लिहिले. हे शब्द चित्रात विणलेले नव्हते, मजकूर म्हणूनच ठेवले होते. त्यामुळे ते शोधता येत, नक्कल करून घेता येत, आणि डोळ्यांनी अधू असलेल्या विद्यार्थ्याला वाचक-आज्ञावली ते वाचूनही दाखवू शके.

मथळा लिहायची वेळ आली तेव्हा मी कळफलकाजवळ जाऊन उभा राहिलो. टंकणाऱ्या मुलीने शिफ्ट दाबून ‘ऱ’ काढला, हलन्त दिला, ‘य’ दिला आणि काना दिला. आम्ही पडदा मोठा करीत गेलो, आठ पट, सोळा पट, आणि अर्ध्या ‘र’ चे ते छोटे वळण कोठेही पायरी न पडता मोठे होत गेले.